बेटावरची अख्खी वही

चौदा महिने मी आमच्या मंडळाशी खोटं बोललो, आणि सवयीनं माणसाला जसं सगळंच जमायला लागतं, तसं मला तेही झकास जमायला लागलं होतं.

मंडळ म्हणजे चार डोकी. पहिला मी, तेओपिस्तो, पण पिस्तोच म्हणतात सगळे, आणि धाकटे नोंग पिस्तो, म्हणजे पिस्तोदादा. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ सांभाळला आणि आता या बेटावर परत येऊन बायकोच्या पायात पायात येतो. दुसरा लांदो. तो ट्रायसिकलींची, म्हणजे आमच्याकडच्या तीनचाकी रिक्षांची, इंजिनं दुरुस्त करतो, आणि बिघडलेलं काही सापडलं नाही तर चालतं इंजिन उघडून बसतो. तिसरी गिंगिंग, धक्क्याजवळचं औषधांचं दुकान तिचं. चौथ्या साल्वासियोनबाई, वय अठ्ठ्याहत्तर. आम्हा तिघांनाही त्यांनी गणित शिकवलंय, वेगवेगळ्या सालांत आणि एकाच फूटपट्टीनं. त्यांना सगळं बेट माएस्त्रा म्हणतं. त्या आम्हाला अजून तोतो आणि इंदाय म्हणतात, म्हणजे बाळा आणि बाळे. मी चौसष्ट वर्षांचा आहे.

दर रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की आम्ही माझ्या घरासमोरच्या पत्र्याखाली जमायचो. कॉफी, माडाच्या पानात शिजवलेला चिकट भात, वर पिकला आंबा, आणि नोडच्या गप्पा. गावातल्या इतर पुरुषांचे झुंजीचे कोंबडे असतात, आमचे नोड होते.

नोड म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. बिटकॉइनची वही कुठल्या एका बँकेत नसते, तिच्या प्रती जगभर लोकांच्या घरात असतात. कोणी कोणाला काय दिलं याची पहिल्या दिवसापासूनची सगळी पानं. तशी वही उतरवून घेऊन पानन् पान स्वतः तपासणारं यंत्र म्हणजे नोड. या धंद्यातल्या माणसांचं ब्रीद एकच: कुणावर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः तपासायचं. लांदोनं तर ते आपल्या ट्रायसिकलीच्या मागे रंगवून घेतलंय, सेंट जोसेफच्या चित्राच्या खाली.

अडचण एवढीच की वही रोज फुगते. आता ती सातशे जीबीच्या पुढे गेलीय. यावर उपाय आहे, त्याला छाटणी म्हणतात. यंत्र सगळी पानं एकदा नीट तपासतं, आज कोणाकडे काय आहे तेवढं लिहून ठेवतं, आणि जुनी पानं फाडून टाकतं. शेवटच्या दोन-तीन दिवसांची पानं राहतात. सातशेचं काम पंधरा-वीस जीबीत होतं आणि नोड पूर्वीइतकाच चोख तपासतो. फक्त कोणी नवा माणूस आला आणि म्हणाला, 'मला पहिल्यापासूनची वही उतरवून दे', तर द्यायला काही नसतं.

आमच्यात पहिली छाटणी लांदोनं केली. मी त्याला सोडला नाही. "पानं फाडणारा," म्हणालो. "उद्या घराचा पाया खणून विटा विकशील."

"नोंग पिस्तो, जागाच नाही तर काय करू? डिस्क काय माझ्या सासऱ्याची आहे?"

"माझ्याकडे बघ. अख्खी वही आहे. पहिल्या पानापासून. बेटावर कोणालाही लागली तर या पत्र्याखाली मिळेल."

उचलली जीभ लावली टाळ्याला. सहा महिन्यांनी माझीच डिस्क भरली. तिच्यावर माझी वही होती आणि माझ्या बायकोचे, दोरिंगचे, व्हिडिओ होते. आमची नात नॉर्वेत असते. तिचा पहिला दात, पहिलं पाऊल, पहिल्यांदा बर्फात आपटली ते, सगळं दोरिंगनं साठवलेलं. पडद्यावर लाल पट्टी आली तेव्हा दोरिंग भाजी चिरत होती.

"एक काहीतरी काढावं लागेल," मी म्हणालो.

तिनं सुरी खाली ठेवली नाही. "काढ ना. माझ्या नातीचे दात काढ, नाहीतर तुझ्या त्या अनोळखी लोकांनी दहा वर्षांपूर्वी एकमेकांना काय दिलं ते काढ. तुझ्यावर सोडते."

मी छाटणी केली. सकाळपर्यंत डिस्कवर जागाच जागा, नोड खुशाल चालतोय, माझं काही म्हणजे काही अडलं नाही. पुढच्या रविवारी लांदोनं विचारलं, "काय नोंग, वही कशी आहे?" आणि माझ्या तोंडून गेलं, "अख्खी." लांदोसमोर कबूल करायची लाज वाटली, दुसरं काही कारण नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी ती चौदा महिने झाकून बसलो.

मग एका रविवारी माएस्त्रांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी यंत्र घेतलंय. माझा स्वतःचा नोड हवा मला."

त्यांचा नातू जेद्दाला असतो. महिन्याला आजीला जे पाठवतो ते याच वाटेनं. आलं की नाही ते आजवर गिंगिंग त्यांना आपल्या नोडवर बघून सांगायची. एवढं कोणालाही पुरलं असतं. माएस्त्रांना पुरत नव्हतं. पूर्वी निवडणुकीची मतं शाळेत मोजायचे आणि ते काम शिक्षकांच्या गळ्यात असायचं. तीस वर्षं त्यांनी एकेक मतपत्रिका मोठ्यानं वाचून फळ्यावर रेघा मारल्या, चार उभ्या आणि एक आडवी. एकदा कोणीतरी तयार आकडे घेऊन सही मागायला आला, तर बाई मतपेटीवर बसल्या आणि म्हणाल्या, मी न मोजलेल्या आकड्याखाली माझं नाव लागत नाही. तो माणूस गेला, बाई बसून राहिल्या.

"गिंगिंग खोटं सांगत नाही, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण ते मला माहीत असण्याची गरज पडू नये."

"पण माएस्त्रा, तुमच्या टेकडीवर नेट कुठे आहे?" लांदो म्हणाला. "सगळी वही उतरेपर्यंत तुमचा नातू निवृत्त होईल."

"म्हणून तर पिस्तोकडे येणार. त्याच्याकडे अख्खी आहे ना. तार जोडायची, उतरवून घ्यायची. पुढची रोजची पानं मोबाइलवर येतील. येत्या शनिवारी येते मी. चालेल ना, तोतो?"

"न चालायला काय झालं," मी म्हणालो, आणि आंबा घशात अडकला.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आत मी गिंगिंगकडे गेलो. तिच्याकडे चांगली मोठी डिस्क होती. तिची वही गुपचूप माझ्याकडे उतरवून घ्यायची आणि शनिवारी साळसूदपणे बसायचं, असा बेत. एखादी डिस्कही तिच्याकडूनच उसनी घेणार होतो.

"गिंगिंग, एक काम आहे. तुझी वही जरा दे."

"कुठली वही?"

"अख्खी."

तिनं शटर अर्ध्यावर धरलं. "नोंग, मी तर मार्चमध्येच छाटली. दुकानाचे कॅमेरे लावले ना, जागा नव्हती. म्हटलं, तुमच्याकडे आहेच."

मी शटरचं कुलूप न्याहाळायला लागलो. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"नोंग पिस्तो. तुमच्याकडेही नाही असं म्हणू नका."

"नाही."

आधी ती इतकी हसली की शेजारचा पाववाला डोकावून गेला. मग एकदम थांबली. "म्हणजे बेटावर एकही नाही? सगळे एकमेकांच्या भरवशावर? आपण?"

"आपण."

"आता?"

आता हिशेब असा होता: आमच्या बेटावर घरटी नेटचा महिन्याचा वेगवान वाटा ठरलेला असतो. तो संपला की पुढे कासवही हसेल. एका घराच्या वाट्यात सातशे जीबी यायचे तर पाच महिने लागले असते. माझ्याकडे पाच दिवस होते.

"सांगून टाका त्यांना," गिंगिंग म्हणाली. "मारणार थोड्याच आहेत."

"तुला त्यांनी कितवीत शिकवलं?"

"पाचवीत."

"मला चौथीत. तेव्हा त्या तरुण होत्या, हातात जोर होता."

ती कोणाला सांगणार नाही म्हणाली, पण मदतही करणार नाही म्हणाली. मला पटलं, आणि रागही आला.

बुधवारपर्यंत माझ्या डोक्यात एक युक्ती शिजली. सांगायला आज लाज वाटते, पण तेव्हा मी तिच्यावर खूश होतो. माएस्त्रांचं यंत्र माझ्या यंत्राला तारेनं जोडायचं आणि नेटही चालू ठेवायचं. त्यांचं यंत्र माझ्याकडे जुनी पानं मागेल, माझं यंत्र नाही म्हणेल, मग ते आपोआप बाहेरच्या जगातून ओढायला लागेल. वहीच्या पहिल्या काही वर्षांची पानं जवळजवळ कोरी असतात, ती भराभर येतात. बाईंना आकडा धावताना दिसेल, त्या खूश होतील. दोन तासांनी म्हणायचं, माएस्त्रा, यंत्र इथेच राहू द्या, वेळ लागतो. मग महिने जातील ते जातील.

शनिवारी दुपारी लांदोच्या ट्रायसिकलीतून बाई उतरल्या. यंत्र बिस्किटांच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळून मांडीवर आणलेलं. दोन टेराबाइटची नवी कोरी डिस्क, वर त्यांच्या अक्षरात नाव आणि तारीख, जशी आमच्या वह्यांवर घालायला लावायच्या. गिंगिंगही दुकान बंद करून आली होती. तमाशा बघायला आली, हे मी ओळखलं.

मी तारा जोडल्या. पडद्यावर आकडा पळायला लागला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं.

"बघा," मी म्हणालो. माझाच आवाज मला लोण्यासारखा वाटला.

माएस्त्रा चष्मा नाकावर ओढून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला क्षणभर वाटलं, खरंच माझ्याकडूनच जातंय. "ही पानं माझं यंत्र तपासतंय ना, तोतो?"

"प्रत्येक."

"वा." त्यांनी दोरिंगच्या हातची कॉफी घेतली. "दोरिंग, नातीचा फोन किती वाजता असतो तुझा?"

"चार वाजता, माएस्त्रा."

"मग पिस्तो, ती बाहेरची नेटची तार काढून टाक. वही तर तुझ्याच यंत्रातून येतेय. उगाच दोरिंगच्या फोनचं नेट कशाला खायचं?"

हे त्या संशयानं म्हणाल्या की चांगुलपणानं, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. गिंगिंग पत्र्याकडे बघायला लागली.

"असू दे, माएस्त्रा," मी म्हणालो. "एवढं काही खात नाही."

"अहो नोंग, काढा की," लांदो म्हणाला. त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. "थांबा, मी काढतो." आणि त्यानं काढली.

आकडा थांबला.

लांदोनं तार परत लावली. आकडा चालला. काढली. थांबला. इंजिनवाला तो, त्याला तेवढं पुरे होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "नोंग?"

पितळ उघडं पडल्यावर माणसाला हलकं वाटतं असं म्हणतात. मला नाही वाटलं. मला दहा वर्षांचा झाल्यासारखं वाटलं, आणि चड्डीच्या खिशात चोरलेला खडू असल्यासारखं. मी सगळं सांगितलं. लाल पट्टी, नातीचे दात, लांदोला मारलेले टोमणे, आजची युक्तीसुद्धा. युक्ती ऐकताना दोरिंगनं कपाळावर हात मारून घेतला.

माएस्त्रांनी कॉफी संपवली. मग म्हणाल्या, "वार्षिक परीक्षेच्या पेपरांचं मी काय करायचे, आठवतं?"

"जाळायचात."

"दरवर्षी. शाळेमागे. तपासून झाले, गुण उतरवले, मग ते गठ्ठे ठेवून काय करू? उंदीर पाळू? तू छाटलंस यात मला काही वाटत नाही. नातीचे दात ठेवलेस, बरं केलंस." त्यांनी रिकामा कप बाजूला सारला. "पण पालकांनी येऊन विचारलं, पेपर आहेत का, तर मी आहेत म्हणून कधी सांगितलं नाही."

मी मान खाली घातली. इतक्या वर्षांत समुद्रावर वादळं पाहिली, इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"आणि पान कुणाकडून आलं यानं मला फरक पडत नाही," त्या पुढे म्हणाल्या. "चोराकडून आलं तरी माझं यंत्र तपासून घेईल. यंत्राला फसवता येत नाही म्हणूनच मी ते घेतलं. माणसाचं तसं नसतं." मग त्या लांदोकडे आणि गिंगिंगकडे वळल्या. "आणि तुम्ही दोघं. कुणावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून गाडीवर रंगवता. चौदा महिन्यांत एकदा तरी याच्याकडे एखादं जुनं पान मागून बघितलंत? मिनिटाचं काम."

"यांच्याकडे आहे म्हटल्यावर..." लांदो म्हणाला.

"हो ना. आहे म्हटल्यावर."

आता आम्ही तिघंही माना खाली घालून उभे होतो. पत्र्याखाली पुन्हा चौथी-पाचवीचा वर्ग भरला होता. दोरिंगला बहुतेक दया आली. ती म्हणाली, "मग आता माएस्त्रांचं यंत्र भरायचं कसं ते बोला. नुसतं गप्प उभं राहून भरणार नाही."

"घरटी वाटाच तेवढा आहे," गिंगिंग म्हणाली. "एका घरात नाही होणार."

"एका घरात कोण म्हणतंय? माउली एकाच घरात राहते का?"

आमच्या वस्तीत मेरीमाउलीची मूर्ती आठवड्याला एका घरी असते. शनिवारी संध्याकाळी वाजतगाजत पुढच्या घरी जाते, तिथे प्रार्थना होते, आणणाऱ्यांना खाऊ घालतात. कोणाची पाळी कधी, ती यादी दोरिंगकडे असते. यादीसाठी ती भांडणंही करते आणि जिंकतेही.

"माउलीबरोबर यंत्रही जाऊ दे," ती म्हणाली. "प्रत्येक घर आपला महिन्याचा वाटा आठवडाभरात देईल. पाच घरं धरली तर?"

माएस्त्रांनी तिथल्या तिथे बोटांवर भागाकार केला. "पाच घरांत होतं. सहावं हाताशी ठेव."

त्या आठवड्याला माउलीची पाळी आमच्याकडेच होती, म्हणून पहिला आठवडा यंत्रही आमच्याकडेच राहिलं. दोरिंगनं महिना संपेपर्यंत नातीला व्हिडिओ न लावता नुसता फोन केला, आणि त्याचं दुःख मला जेवताना रोज वाढलं. दुसऱ्या शनिवारी लांदोच्या ट्रायसिकलीत पुढे माउली, मागे माझ्या मांडीवर बिस्किटांचा डबा, अशी मिरवणूक निघाली. लांदोच्या घरी माउलीला मेणबत्ती लागली आणि यंत्राला पंखा. तिथून गिंगिंगकडे, तिथून दोरिंगच्या बहिणीकडे, तिथून पाववाल्याकडे. पाववाल्यानं भट्टीच्या उष्णतेला घाबरून यंत्र आपल्या पलंगावर ठेवलं आणि स्वतः खाली झोपला. कुणालाच नीट माहीत नव्हतं डब्यात काय आहे. माएस्त्रांचं आहे एवढं पुरत होतं. प्रत्येक घरी मला खायला मिळालं, आणि प्रत्येक घरी कोणीतरी विचारलं, "काय नोंग, अख्खं आहे ना?" बातमी तोवर सगळ्या बेटाला झाली होती. मी हसायचो. पहिल्या दोन घरी दात दाखवून, नंतर खरंच.

सहाव्या घराची गरज पडली नाही. पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी पाववाल्याच्या पलंगावर यंत्र आजच्या तारखेला पोचलं. शनिवारी आम्ही ते टेकडीवर नेलं. खिडकीत मोबाइल ठेवला, आणि पहिलं ताजं पान यायला अकरा मिनिटं लागली. ते आलं, तपासलं गेलं, जुळलं. माएस्त्रांनी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक उभी रेघ मारली. मग खुर्चीत बसल्या. त्यांना रडू आलं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"आता अख्खी वही माझ्याकडे आहे," मग त्या म्हणाल्या. "बेटावर एवढीच. उद्यापासून रविवारी इथे जमायचं. कॉफीच्या आधी कोणीतरी माझी परीक्षा घ्यायची. जुनं एक पान मागायचं, माझ्याकडून येतंय का बघायचं."

"माएस्त्रा, तुमच्यावर कोण..." लांदोनं सुरुवात केली आणि स्वतःच गप्प बसला.

"आणि ते काम पिस्तो करेल."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मी? माएस्त्रा, या सगळ्यांत मीच एक..."

"म्हणूनच. नसलेली वही आहे असं कसं दाखवतात, हे इथे फक्त तुला येतं. मी तसं काही केलं तर तुझ्याच लक्षात येईल. तुझ्याइतका लायक माणूस या कामाला नाही."

गिंगिंग हसली, लांदो हसला, आणि मी लाल झालो. चौथीत त्यांनी मला एकदा वर्गाचा मॉनिटर केलं होतं, त्याही वेळी इतकी छाती फुगली नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी मी टेकडी चढतो. आधी मोबाइलची तार काढतो, मोबाइल उचलून अंगणात दोरिंगच्या हातात देतो. मग मनाला येईल ते एक जुनं पान मागतो, कधी दुसऱ्या वर्षाचं, कधी सातव्याचं. ते येतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "आहे."

कोणी मान डोलवत नाही. गिंगिंग उठते, पडदा आपल्याकडे वळवते आणि स्वतः बघते. तिच्या खांद्यावरून लांदो बघतो. तेवढा वेळ मी हात मागे बांधून उभा असतो, आणि कोणी माझ्या शब्दावर विश्वास ठेवत नाही याचा मला आयुष्यात कधी झाला नव्हता इतका आनंद होतो. मग माएस्त्रा कॉफी ओततात. पहिला कप मला.